पंखा किती डिझेल पितो?

वाचकांचे प्रश्न : मालवाहू पिकअप, इलेक्ट्रिक फॅन आणि ॲव्हरेज

इंजिनच्या पुलीवरचा पंखा काढून रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावला तर पिकअपचे ॲव्हरेज वाढते का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे २५२३ सीसीची डिझेल पिकअप आहे. टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला जातो. महिन्याला ४,००० किलोमीटर होतात, ॲव्हरेज १२ चे पडते. गॅरेजवाला म्हणतो, दोन इलेक्ट्रिक फॅन बसवून देतो, सगळे मिळून १८ हजार, ॲव्हरेज १४ वर जाईल. बसवू का? (नारायणगाव, जि. पुणे)

१२ चे १४ होणे म्हणजे १०० किलोमीटरला ८.३ लिटर लागायचे ते ७.१ लिटर लागणे. एकूण १४ टक्के डिझेल वाचणे. नुसत्या पंख्यातून एवढे निघेल का, ते हिशेब मांडून पाहू.

धावत्या डिझेल इंजिनाकडून १ किलोवॅट ताकद तासभर जादा घेतली, तर साधारण पाव लिटर डिझेल जादा जळते. ताशी ५० किलोमीटरने जाताना तुमची गाडी तासाला ४.२ लिटर पिते. त्याचे १४ टक्के म्हणजे ०.६ लिटर. इतके वाचायचे तर पंखा सध्या सतत २.४ किलोवॅट खात असला पाहिजे.

पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट झाले की हवा दुप्पट येते, पण ताकद आठपट लागते. एखादा पंखा ३,००० आरपीएमला ३ किलोवॅट घेतो असे धरा. तोच २,००० ला सुमारे ९०० वॅट घेईल आणि ८०० च्या आयडलला जेमतेम ६० वॅट. पाचव्या गिअरमध्ये ५५-६० च्या वेगाने जाताना इंजिन २,००० च्या आसपास फिरते. म्हणजे पंखा पुलीशी घट्ट जोडलेला असला तरी त्या वेगाला नुकसान ताशी २००-२२५ मिलिलिटर, सुमारे ५ टक्के. १४ टक्क्यांचा दावा इथेच कोसळतो.

आता तुमचा पंखा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. बॉनेट उघडून पंख्याच्या मधोमध बघा. तिथे पंखी असलेला अॅल्युमिनिअमचा गोल डबा आणि त्याच्या तोंडावर धातूची चपटी गुंडाळी दिसली, तर तो व्हिस्कस फॅन. आत सिलिकॉनचे दाट तेल असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती गुंडाळी पीळ बदलते, आतली झडप उघडते, तेल खोबणीत येते आणि पंखा पुलीला धरतो. हवा थंड असताना पंखा सुटलेला असतो, पुलीच्या वेगाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याने सैल फिरतो आणि फक्त १००-२०० वॅट घेतो. व्हिस्कस धडधाकट असेल, तर इलेक्ट्रिक फॅन लावून तुमचे डिझेल १ ते २ टक्केच वाचेल.

तुमच्या ४,००० किलोमीटरला ३३३ लिटर लागतात. दीड टक्का म्हणजे महिन्याला ५ लिटर. डिझेल ९० रुपये धरले तर ४५० रुपये. १८ हजार फिटायला ४० महिने जातील आणि तोवर एखादी फॅनची मोटर बदलावी लागेल. व्हिस्कस जाम असेल किंवा कोणी तो काढून घट्ट पंखा लावला असेल, तर ५ टक्क्यांनी महिन्याला १,५०० रुपये वाचतील आणि पैसे वर्षात वसूल होतील. पण जाम व्हिस्कसवर पहिला इलाज नवा व्हिस्कस हाच आहे. वायरिंगला हात न लावता जवळजवळ तेवढीच बचत होते.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सहसा सांगत नाहीत. ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिक फॅन जास्त खातो. दोन फॅन मिळून ३६ अँपिअर घेत असतील तर १३.५ व्होल्टला ते झाले ४८६ वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर इंजिनावर ८०० वॅटचा बोजा पडतो. त्याच वेळी आयडलवरचा जुना पंखा ६० वॅटवर भागवत असतो. चौकाचौकात थांबणाऱ्या, शहरात माल वाटणाऱ्या गाडीला ॲव्हरेजसाठी इलेक्ट्रिक फॅन लावूच नये. गाडी उभी असताना गरम होत असेल तर तो वेगळा विषय. तिथे इलेक्ट्रिक फॅन खरोखर उपयोगी पडतो, कारण इंजिन मंद असले तरी तो पूर्ण हवा ओढतो.

प्रश्न : व्हिस्कस चांगला आहे की गेला, हे घरी कसे तपासायचे? (सातारा)

आधी कानाने. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की मिनिटभर पंख्याचा घरघराट येतो, मग तो शमतो. हे ठीक. घरघराट शमलाच नाही, रेस दिली की सपाट रस्त्यावरसुद्धा ट्रकसारखा वाऱ्याचा आवाज येत राहिला, तर व्हिस्कस जाम आहे आणि तुमचे डिझेल तिथे जाते आहे. उलट भरल्या गाडीने खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो आणि तरी आवाज अजिबात वाढत नाही, तर व्हिस्कस धरत नाही. ॲव्हरेज त्याने बिघडत नाही, पण हेड गॅस्केट जाऊ शकते.

मग हाताने. इंजिन पूर्ण बंद, किल्ली खिशात. थंड पंख्याला झटका देऊन सोडा. अर्धा-एक फेरा जाऊन थांबला तर आत तेल आहे. भिंगरीसारखा तीन-चार फेरे फिरला तर तेल गळून गेले आहे. डब्याच्या कडेला काळपट ओशट रेघही दिसेल. थंड असूनही हलतच नसेल तर जाम. शेवटी पात्याचे टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर बेअरिंग गेले. हा खेळ व्हिस्कसचा आहे की वॉटर पंपाच्या शाफ्टचा, हे पुली धरून वेगळे तपासा. पंपाचे बेअरिंग गेलेले असताना नवा व्हिस्कस लावला तर पंखा एक दिवस रेडिएटरमध्ये घुसतो.

नवा व्हिस्कस दुकानातून आणल्यावर आडवा ठेवू नका. गाडीत जसा उभा बसतो तसाच ठेवा, नाहीतर तेल बेअरिंगच्या बाजूला उतरते.

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपला घट्ट पंखा आहे, व्हिस्कस नाही. द्राक्षे घेऊन लांबच्या फेऱ्या होतात, बहुतेक हायवे. इलेक्ट्रिक फॅन लावायचे ठरवले आहे. किती मोठे घ्यायचे आणि बसवताना काय सांभाळायचे? (तासगाव, जि. सांगली)

तुमच्या बाबतीत निर्णय बरोबर आहे. हायवेला ताशी ५०-६० च्या पुढे समोरून येणारा वारा बहुतेक वेळ पुरतो आणि पंखा बंद राहतो. पण फॅनचे माप घाटावरून ठरवायचे, हायवेवरून नाही.

साधारण ७० हॉर्सपॉवरचे, म्हणजे ५२ किलोवॅटचे इंजिन पूर्ण ताकदीने चढत असेल, तेव्हा कूलंटमधून ४० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. रेडिएटरमधून जाताना हवा ३५ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला एक घनमीटरपेक्षा थोडी जास्त हवा लागते. फॅनच्या खोक्यावरच्या भाषेत २,२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. रेडिएटर आणि ए.सी.चा कंडेन्सर समोर आला की तो पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटतो. म्हणून दोन्ही फॅन मिळून खोक्यावर ३,००० सीएफएम तरी हवेत. १२ इंची दोन चांगले फॅन, प्रत्येकी १,५०० च्या वरचे, हे साधारण बसते. एकच १० इंची फॅन लावून 'पुरेल' म्हणणाऱ्याला आंबा घाटात भरली गाडी चालवून दाखवायला सांगा.

फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला, हवा खेचणारे लावा. पुढे लावलेला ढकलणारा फॅन हायवेला समोरच्या वाऱ्याला अडसर होतो. मोटरच्या वायरी उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो. थोडी हवा तरीही हलते, म्हणून चूक लगेच ध्यानात येत नाही. चालू फॅनसमोर, ग्रिलच्या बाजूने, वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे.

श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे आवरण, कधीही टाळू नका. उघडे फॅन नुसते चिकटवले तर पात्यांसमोरच्या गोलातूनच हवा येते, कोपरे कोरडे राहतात. दीड मिलिमीटरच्या अॅल्युमिनिअमच्या पत्र्याचा पूर्ण रेडिएटर झाकणारा डबा बनवून घ्या. जाळी आणि पाते यांत २० ते २५ मिलिमीटर अंतर ठेवा आणि डब्याच्या कडेला फोमची पट्टी लावा. डब्याच्या मोकळ्या भागात दोन-तीन झरोके पाडून त्यांवर रबराच्या झडपा लावल्या, तर वेगात वारा त्यांतून निघून जातो आणि फॅन चालू असताना त्या आपोआप मिटतात. डबा रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने धरा. जाळीतून आरपार प्लॅस्टिकचे टाय घालून फॅन बांधायची पद्धत वाईट आहे. कंपनाने टाय नळ्यांना घासतात आणि काही महिन्यांत कूलंट ठिबकू लागते.

जुना पंखा काढताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. बऱ्याच इंजिनांत पंखा आणि वॉटर पंपाची पुली एकाच चार बोल्टांनी धरलेली असते. पंखा काढून तेच लांब बोल्ट परत आवळले तर ते तळाला टेकतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि पुली मात्र सैल राहते. पंख्याच्या बुडाच्या जाडीएवढे वॉशर-स्पेसर घाला किंवा तेवढे आखूड बोल्ट वापरा, दर्जा ८.८ च्या खाली नको. बेल्ट तसाच राहील, कारण वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्यावरच आहेत.

आता वायरिंग. गाडी पेटते ती इथून, म्हणून इलेक्ट्रिशियनजवळ उभे राहून करून घ्या.

प्रत्येक फॅनला स्वतंत्र ४० अँपिअरचा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतंत्र ३० अँपिअरचा फ्यूज. १८-२० अँपिअर घेणारा फॅन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. २० चा फ्यूज उडत राहील आणि वैतागून कोणीतरी तिथे तार गुंडाळेल. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि पुढे फॅनपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि अर्थिंगची वायरही तेवढ्याच जाडीची. फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतरात असावा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते. रिलेवर आकडे छापलेले असतात : ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला फॅन, ८६ ला किल्लीनंतरचा प्लस, ८५ ला तापमान-स्विच आणि त्यातून अर्थ.

८६ ला थेट बॅटरीचा प्लस देऊ नका. गाडी बंद केल्यावर इंजिनच्या हेडमधली उष्णता कूलंटमध्ये येते, स्विच जुळतो आणि फॅन बॅटरी खात बसतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ अंशांचा असेल तर पहिल्या फॅनचा स्विच ९२ ला चालू आणि ८७ ला बंद होणारा घ्या. २२ मिलिमीटर, १.५ पिचच्या आट्यांचा हा स्विच दुकानात सहज मिळतो. तो वरच्या होजमध्ये, अॅल्युमिनिअमचा टी-पीस टाकून बसवा. टी-पीस रबरी होजमध्ये असल्यामुळे त्याला वेगळी अर्थिंग द्यावी लागते, हे नेहमी विसरले जाते. दुसऱ्या फॅनला ९७ च्या आसपास चालू होणारा स्विच द्या. दोन्ही एकदम सुरू केले तर अल्टरनेटरला धक्का बसतो आणि बहुतेक वेळ दुसऱ्याची गरजही नसते. ८० ला फॅन चालू करणारा स्विच लावला तर थर्मोस्टॅट उघडण्याआधीच फॅन फिरू लागतो आणि सगळी बचत वाया जाते.

ए.सी. असेल तर कंप्रेसर लागला की एक फॅन चालू झालाच पाहिजे. कंप्रेसरच्या वायरीवरून वेगळा छोटा रिले घ्या, तिच्यावर फॅनचा भार टाकू नका. डॅशबोर्डवर एक स्विच असा द्या, की तो दाबला की दोन्ही फॅन सक्तीने चालू होतील. घाट सुरू होण्याआधी तो दाबायचा. फॅनला करंट पोचला की पेटणारा लहान दिवाही शेजारी लावा, म्हणजे फ्यूज उडाल्याचे काटा लाल होण्याआधी कळेल.

पहिली फेरी रिकामी, दुसरी अर्ध्या लोडची. काढलेला पंखा भंगारात देऊ नका. उन्हाळ्यातला एक घाट पार होईपर्यंत तो आणि त्याचे बोल्ट गाडीत असू द्या.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी दोन इलेक्ट्रिक फॅन लावले. आता रात्री दिवे मंद होतात, दोनदा बॅटरी उतरली, फ्यूजचा होल्डर वितळला. फॅनच खराब आहेत का? (लातूर)

फॅन बहुधा ठीक आहेत. बेरीज करून पाहा. दोन फॅन ३६ अँपिअर, हेडलाइट १०, ब्लोअर १५, इंजिनचे स्वतःचे ८-१०, वायपर आणि मागचे दिवे ८. झाले जवळजवळ ८०. जुन्या पिकअपला अल्टरनेटर ४५ ते ७० अँपिअरचा असतो, आणि आयडलला तो छापील आकड्याच्या निम्माच करंट देतो. उरलेला बॅटरीतून जातो. इंजिन आयडलला, फॅन, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीला लावा. १३.५ च्या वर असेल तर निश्चिंत राहा. १२.८ च्या खाली गेला तर मोठा अल्टरनेटर हवा, ९० अँपिअरच्या वरचा, आणि त्याच्या मुख्य वायरीची जाडीही त्याच प्रमाणात वाढवायची. बेल्ट ढिला असेल तर आधी तो ताणा.

होल्डर वितळतो तो करंट जास्त झाल्याने नव्हे, जोड सैल असल्याने. करंट जास्त असता तर फ्यूज उडाला असता. स्वस्त होल्डरची पितळी जीभ फ्यूजला नीट धरत नाही, तिथे ठिणगी आणि उष्णता होते. जाड वायरीचा, झाकणाचा होल्डर घ्या आणि जोड पिळून टेप लावण्याऐवजी लग दाबून पक्के करा. मग फॅन चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट आणि फॅनच्या पिनांवरचे व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. १३.५ ऐवजी ११ व्होल्ट पोचले, तर हवा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि माणूस मोठ्या फॅनच्या मागे लागतो.

प्रश्न : केळीची वाहतूक करतो. गाडी तापत होती म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. तेव्हापासून ॲव्हरेज पडले आहे. इलेक्ट्रिक फॅनने फरक पडेल का? (रावेर, जि. जळगाव)

पडणार नाही. आधी थर्मोस्टॅट परत बसवा. ॲव्हरेजच्या दृष्टीने या सगळ्या पत्रांत सर्वांत जास्त डिझेल तुमचेच वाया जात असावे.

थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते. इंजिन, विशेषतः हिवाळ्यात आणि हलक्या लोडवर, ५०-६० अंशांवरच राहते. ऑइल दाट राहते, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते. तीच नसल्यामुळे भरल्या लोडवर बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरते. म्हणजे थंड हवे तेव्हा गाडी जास्त थंड आणि गरजेच्या वेळी जास्त गरम, असे दुहेरी नुकसान होते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासा. त्यावर ८२ छापले असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत आठेक मिलिमीटर पूर्ण उघडला पाहिजे. छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवून बसवा, तिथून हवा निघते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरची होज अधूनमधून दाबा.

मूळ तक्रार तापण्याची होती, तर तिचे कारण वेगळे शोधायला हवे. तुमच्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते. कूलंट ९५ ला धरले तर फरक उरतो ५० अंशांचा. ३० अंशांच्या हवेत तोच ६५ चा असतो. रेडिएटरची ताकद त्या दिवसांत जवळजवळ पावपटीने घटलेली असते, म्हणून जाळीत अडकलेला कचरा तेव्हाच नडतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि पाचोळ्याची गादी साचते. समोरून ती दिसत नाही. कंडेन्सरचे बोल्ट काढून तो पुढे सरकवा आणि इंजिनच्या बाजूने समोरच्या दिशेने, साध्या नळाच्या दाबाने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पत्र्या आडव्या होतात. कॅपही तपासून घ्या. ०.९ बारच्या कॅपखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलेल्या कॅपखाली ते शंभरालाच उकळते.

प्रश्न : थंडीत पंख्याची दोन पाती कापून टाकतात, त्याने डिझेल वाचते असे ऐकले. (मालेगाव)

करू नका. तोल गेलेला पंखा वॉटर पंपाचे बेअरिंग खातो, आणि कापलेल्या पात्याला तडा जाऊन ते वेगात सुटले तर बॉनेट फाडून बाहेर येते. पूर्ण पंखा काढून ठेवणारेही आहेत. त्यांची गाडी टोल नाक्याच्या रांगेत तापते.

प्रश्न : ह्यूस्टनला राहतो. २००३ ची सिल्व्हेराडो १५०० आहे, ५.३ लिटर व्ही-८ पेट्रोल. इथे अनेकजण इलेक्ट्रिक फॅन लावतात. माझ्या गाडीला करावे का? (ह्यूस्टन, टेक्सास)

तुमच्या गाडीला भाग जुळवणे सोपे आहे, कारण २००५ पासून कंपनीनेच या १५०० मालिकेला इलेक्ट्रिक फॅन द्यायला सुरुवात केली. २००५-०६ च्या गाडीची दोन फॅन आणि श्राउडची पूर्ण जोडणी घ्या. रेडिएटर ३४ इंची आहे का ते आधी मोजा. जुना पंखा ३६ मिलिमीटरच्या एकाच मोठ्या नटवर आहे, तो नेहमीच्याच दिशेने सुटतो; पुली वेगळी बसवलेली असल्याने स्पेसरची भानगड नाही. गाडीच्या संगणकात फॅन चालवण्याची सोय आहे, ती ट्यूनिंग करणाऱ्याकडून सुरू करून घ्यावी लागते. वेगळ्या तापमान-स्विचपेक्षा हे चांगले. अल्टरनेटर १०५ अँपिअरचा असेल तर १४५ चा लावा.

पेट्रोलच्या बचतीची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तुमच्या इथे एका वेगाने लांब हायवे, आणि तिथे तुमचा क्लच-फॅन (म्हणजे व्हिस्कसच) बहुतेक वेळ सुटलेलाच असतो. एक-दोन टक्के, आणि आवाज बराच कमी. जड ट्रेलर ओढत असाल तर करू नका. त्या काळातल्या डिझेल २५०० एचडीला कंपनीने यांत्रिक पंखाच ठेवला होता.

प्रश्न : सीएनजी छोटा टेम्पो आहे. कंपनीचाच इलेक्ट्रिक फॅन आहे, पण किल्ली फिरवली की थंड गाडीतही सुरू होतो आणि थांबत नाही. (पिंपरी)

तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तुटली, की गाडीचा संगणक खबरदारी म्हणून फॅन सतत चालवतो. सेन्सरचा प्लग काढून पिना हिरव्या झाल्या आहेत का पाहा आणि स्कॅनरवर थंड इंजिनचे तापमान वाचा. हवेपेक्षा फार वेगळे दिसले तर सेन्सर बदला. तो ठीक असेल तर फॅनचा रिले काढा. रिले काढल्यावर फॅन थांबला आणि त्याच मापाचा दुसरा रिले लावूनही थांबलेलाच राहिला, तर जुन्याचे कॉन्टॅक्ट चिकटले होते. हे लवकर करा, कारण सेन्सर चुकीचा असेल तर इंजिनला गॅसही थंड इंजिनच्या हिशेबाने जास्त जातो. ॲव्हरेजचा खरा फटका त्याचा आहे.

प्रश्न : बीएस-६ पिकअप आहे, दोन वर्षे झाली. हाच बदल करता येईल का? (काटोल, जि. नागपूर)

वॉरंटी असेपर्यंत मुळीच नाही. त्यानंतरही आमचा सल्ला 'नको' असाच आहे. या गाड्यांत धुराचा फिल्टर अधूनमधून काजळी जाळतो, तेव्हा लोड नसतानाही बॉनेटखाली भरपूर उष्णता होते, आणि डिझेलच्या इंजेक्शनपासून ईजीआरपर्यंत (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) सगळे कूलंटच्या तापमानावर ठरते. फॅन चुकीच्या अंशाला चालला तर त्या सगळ्यावर परिणाम होतो. इलेक्ट्रिशियनने मूळ वायरी सोलून जोड मारले तर चेक लाइट वेगळीच. आणि जादा वायरिंगमुळे आग लागली, तर विम्याच्या दाव्यावर प्रश्न उभा राहतो.

प्रश्न : फॅन लावून महिना झाला. मला ॲव्हरेज वाढल्यासारखे वाटते, भावाला नाही. खरे कसे ठरवायचे? (कागल, जि. कोल्हापूर)

डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या. एकाच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा. किलोमीटर लिहून घ्या. किमान ३०० किलोमीटर गेल्यावर त्याच पद्धतीने पुन्हा भरा आणि भागाकार करा. एका भरण्यात १-२ टक्क्यांची चूक सहज होते, आणि तुम्ही शोधताय तो फरकही तेवढाच आहे. म्हणून अशी पाच-सहा भरणी हवीत, रस्ता आणि लोड तोच, टायरची हवा दर वेळी थंड असताना दरवाजाजवळच्या पट्टीवरच्या आकड्याएवढी. तुलनेला फॅन लावण्याआधीचे आकडे नसतील, तर एक युक्ती आहे : चार भरणी फॅन तापमान-स्विचवर चालवा, पुढची चार भरणी डॅशबोर्डवरच्या स्विचने दोन्ही फॅन सतत चालू ठेवून. दोन्हींत जो फरक येईल तो फॅनच्या विजेचा खर्च. तोच जर तुमच्या मोजमापात दिसत नसेल, तर त्याहून लहान बचत दिसणार नाही.